हात फ्रेममध्ये घ्या

मालिकेच्या सेटवर माणूस महिनाभर राहिला तरी वर्षभर पुरतील एवढे किस्से साचतात. मी आठ महिने होतो. आता कुठल्याही लग्नात पंगतीला बसलो की शेजारचा भात कालवता कालवता विचारतो, "सर, त्या सरगमचा काय तरी सांगा मा." मीही आढेवेढे घेत नाही. मास्तरकीत आयुष्य गेलेल्या माणसाला श्रोते फुकट मिळाले तर तो सोडतो होय?

सरगम म्हणजे मालिकेची नायिका. जन्मापासून ऐकू येत नाही, आणि नाव सरगम! लेखक मुंबईचा. मी त्याला हळूच म्हटलं, असं नाव ठेवायला आईबापांचं काळीज दगडाचं हवं. तो म्हणाला, "आयरनी आहे, सर." पुढे आठ महिने जे जे चुकलं, ते सगळं आयरनीच्या खात्यावर गेलं.

शूटिंग धामापूरच्या तळ्याकाठी एका घरात चालायचं. नायिका इशा पुण्याची, कानांनी ठणठणीत. तिला खुणांची भाषा शिकवायला घेतलं होतं आमच्या फिलूला. फिलोमिना मालवणची, लग्नाचे गाऊन शिवते, गोव्यापर्यंत गिऱ्हाईक. ती बहिरी आहे आणि बहिऱ्या मुलांच्या आमच्या शाळेतली माझी जुनी विद्यार्थिनी. ती खुणांनी बोलणार आणि मी ते तोंडाने सांगणार, अशी माझी नेमणूक.

फिलूने हे काम का घेतलं, ते आधी सांगतो. तिची आई, कात्रीन मावशी, रोज संध्याकाळी टीव्हीवर मालिका बघायची, तेव्हा हीसुद्धा बघणार होती. आणि मावशीने उभ्या जन्मात लेकीशी हाताने एक शब्द बोललेला नव्हता. दोष तिचा नाही, माझा. फिलू पाच वर्षांची असताना मी नवा, ताजा, ट्रेनिंग घेऊन आलेला मास्तर होतो. मावशीला मी बजावलं होतं की घरी खुणा अजिबात करायच्या नाहीत, नाहीतर पोर बोलायला शिकणार नाही. तेव्हा आम्हाला तसंच शिकवलं होतं. पुढे ते चूक ठरलं, मी स्वतः मुलांकडूनच खुणा शिकलो, आणि शरमेने काळा होऊन मावशीकडे सांगायला गेलो. मावशी म्हणाली, "तेव्हा एक सांगितल्यात, आता दुसराच सांगतात? माझे हात आता वळाचे नाय." त्यानंतरही ती लेकीशी मोठमोठ्याने ओरडूनच बोलायची आणि फिलू ओठांवरून उमजेल तेवढं घ्यायची. मालिकेत तरी आई हात बघेल, एवढीच फिलूची आशा होती.

*

पहिल्याच दिवशी स्क्रिप्ट हातात आली. प्रेमाचा सीन. हिरोचे संवाद दीड पान, आणि सरगमच्या वाट्याला कंसात तीन शब्द: "सरगम हातवारे करते."

फिलूने विचारलं, ती म्हणते काय? डायरेक्टर निखिल तसा गुणी मुलगा, पण घाईत होता. म्हणाला, "काहीही चालेल हो. कुणाला कळतंय?"

फिलूने मान डोलावली आणि इशाला काहीतरी शिकवलं. मी नेमका चहाला गेलो होतो. परत आलो तर इशा डोळ्यांत पाणी आणून, थरथरत्या बोटांनी हिरोला सांगत होती, "सव्वापाचची कणकवली गाडी आज रद्द आहे. दुसऱ्या गाडीत जागा मिळणार नाही." सीन संपल्यावर युनिटने टाळ्या वाजवल्या. मेकअपवाली रडत होती.

एपिसोड लागला त्या रात्री माझ्या फोनवर जुन्या विद्यार्थ्यांचे बावीस व्हिडिओ आले. सगळ्यांचा प्रश्न एकच. मग ती घरी कशी गेली?

दुसऱ्या दिवसापासून सरगमचे संवाद शब्दन् शब्द लिहून यायला लागले.

*

संवाद आले, पण हात दिसेनात. मालिकेत कुणी काही बोललं की कॅमेरा आधी नाकावर, मग डोळ्यावर आणि मग दुसऱ्या डोळ्यावर जातो. सरगम पोटतिडकीने बोलतेय आणि पडद्यावर नुसती टिकली! फिलू रोज मॉनिटरपुढे येऊन मला सांगायची की हात फ्रेममध्ये घ्यायला सांगा. मी सांगायचो. कॅमेरामन म्हणायचा, "इमोशन चेहऱ्यावर असतं, सर."

शेवटी फिलूने तोड काढली. हात चेहऱ्याजवळच आणायचे. सगळ्या खुणा तिने उचलून इशाच्या गालापाशी नेऊन ठेवल्या. दोन दिवस सरगम कानशिलाशी बोटं नाचवत बोलत होती.

त्या आठवड्यात मी मासे घ्यायला मालवणात गेलो तेव्हा मावशी भेटली. मला बाजूला घेऊन काळजीने म्हणाली, "सरांनू, त्या चेडवाक डांस चावतत काय? येक कासव छाप तरी लावा थंय."

मी हे निखिलला जसंच्या तसं सांगितलं. कॅमेरा चार पावलं मागे गेला. फिलूला सांगितलं तेव्हा तिला मात्र डासांचं काही वाटलं नाही. तिने मला तीनदा विचारलं, म्हणजे आई हात बघते?

*

मालिका म्हटली की कारस्थान आलं. इथे सासू आणि मामा सरगमच्या पाठीमागे उभे राहून तिचा काटा काढायचा बेत मोठ्याने बोलतात. तिला ऐकू येत नाही, तेव्हा कारस्थानाला एवढी सोयीची सून दुसरी नाही.

फिलूने समोरचा आरसा दाखवला. सरगमला ओठ वाचता येतात, मागच्याच एपिसोडमध्ये वाचले होते. आरसा काढला. मग फिलूने काचेचं कपाट दाखवलं. त्यावर पडदा आला. मग खिडकी. मग पितळेचा हंडा. फिलू एवढ्या आनंदात मी तिला शाळेतसुद्धा पाहिली नव्हती.

शेवटी निखिलने दोघांना भिंतीकडे तोंड करून उभं केलं. गृहपाठ न केलेली पोरं उभी करतात तशी. सासूबाई नाटकातल्या मुरलेल्या नटी. पाच टेक भिंतीशी बोलून वळल्या आणि म्हणाल्या, "ऐकू येणाऱ्या सुनांनी जन्मात एवढं छळलं नव्हतं हो मला."

*

एका सुट्टीच्या दिवशी फिलू इशाला मालवणच्या बाजारात घेऊन गेली. सोबत मी. कोळणीने इशाला ओळखलं. "अगो बाय, सरगम!" म्हणून तिचा हात धरला, डोळे पुसले आणि सुरमई अर्ध्या भावात टोपलीतून काढून दिली. इशा बोलून दाखवत होती की अहो, मला ऐकू येतं. कोळण मान हलवून शेजारणीला म्हणाली, "बोलाक पण शिकता हा, बिचारा."

मग फिलूने बोटांनीच भाव विचारला. तिला पूर्ण भाव सांगितला. फिलूने इशाकडे बोट दाखवून खुणेने विचारलं, तिला कमी आणि मला जास्त का? कोळणीने तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"तू गो कशाक हात नाचयतंस? ॲक्टिंग तिका करूंदे."

फिलू हसत हसत गाडीपर्यंत आली. मला हसू आलं, पण अर्धंच.

*

सातव्या महिन्यात मुंबईहून फोन आला. सरगमला ऐकू यायला हवं. प्रेक्षकांना गोड काहीतरी हवं आहे, एक ऑपरेशन घाला, देवळाची घंटा घाला, आणि ती "आई" म्हणून हाक मारेल. त्यानंतर हातांचं काम नाही.

निखिलने हे जड मनाने सांगितलं. मी फिलूला सांगितलं. नोकरी जाणार याचं तिला काही नव्हतं, गाऊन शिवायचे पडून होते. ती दुसऱ्याच गोष्टीने हादरली होती. आता आई म्हणणार, बघ, टीव्हीतली पोर बरी झाली, तू का नाही?

घंटेचा एपिसोड लागला त्या संध्याकाळी ती घरी गेलीच नाही. दुकानात मशीनवर बसून राहिली.

*

शेवटच्या दिवशी युनिटला सुरमईचं जेवण होतं. फिलू माझ्या शेजारीच बसली होती. तिने दोन तुकड्या, दोनदा भात, वर सोलकढी चापली. आम्ही हात धुऊन पडवीत येतो तोच रिक्षातून कात्रीन मावशी उतरली. चर्चमध्ये मिसाला नेसते ती साडी, काखेत पर्स. फिलूच्या तोंडचं पाणीच पळालं.

मावशी कुणाकडे न बघता सरळ निखिलपुढे जाऊन उभी राहिली.

"त्या सरगमाक बरी कित्याक केलंस, रे?"

निखिल उठून उभा राहिला. म्हणाला, "आजी, लोकांना बरं वाटावं म्हणून."

"लोकांचा जाऊंदे. चार दिवस झाले, ती हातच उचलणा नाय. मी आता कोणाचे बघून शिकू? माझा शिकणा अर्धा रवला मा!"

फिलू माझी बाही ओढत होती. आई काय म्हणते, का रागावलीय, सांगा. मी सांगायला हात वर केले.

"सरांनू," मावशी म्हणाली, "तुम्ही जरा गप रवा."

मी हात खाली घेतले. जे तीस वर्षांपूर्वी बोलून बसलो होतो, त्याच्यापुढे मला आणखी काही बोलायचं नव्हतं.

मावशीने पर्स खुर्चीवर ठेवली. पदराला हात पुसले. लेकीसमोर येऊन तिच्याकडे बोट केलं: तू. मग बोटं जुळवून तोंडाशी नेली: जेवण. मग थांबली, आठवलं, आणि दोन्ही हातांनी "झालं" ही खूण केली. आणि शेवटी भुवया उंच उचलल्या, कारण या भाषेत असा प्रश्न भुवयांनी विचारतात. माझ्या शाळेत नव्या शिक्षकांना ते वर्षवर्ष जमत नाही.

तू जेवलंस?

फिलू आईच्या हातांकडे बघत राहिली. मग तिने डोळे पुसले, आणि मान हलवून सांगितलं, "नाय."