तेल जातं कुठं

निवृत्त होऊन काही वर्षं झाली, तरी ती तक्रार मनातून गेलेली नाही. बेळगावच्या वेशीवरच्या एका ठाण्यात मी निरीक्षक होतो. सकाळची हजेरी आटोपत असताना एक निवृत्त प्राध्यापक आत आले. हातात इंजिन ऑइलचा रिकामा डबा होता.

"माझी फसवणूक झालीय," ते म्हणाले. "दोन महिन्यांपूर्वी गाडीचं सर्व्हिसिंग केलं, त्यानंतर काही दिवसांत ती तेल प्यायला लागली. निपाणीला बहिणीकडं जाऊन आलं की तेल मोजायच्या पट्टीवर तेलच दिसत नाही. गॅरेजवाल्यानं काहीतरी केलंय."

हवालदार त्यांना ग्राहक न्यायालयाचा रस्ता दाखवणार होता. मी उमेदीच्या काळात पोलिसांच्या मोटार विभागात होतो, म्हणून मला राहवलं नाही. गॅरेजवाल्याला बोलावून घेतलं. तो घामाघूम होऊन आला. "साहेब, तेल आणि फिल्टर बदललं. बाकी कशालाच हात लावला न्हाय."

इंजिनातलं तेल एक तर आत जळतं, नाहीतर बाहेर गळतं. जळत असेल तर सायलेन्सरमधून निळसर धूर येतो. आम्ही इंजिन रेस करून पाहिलं, धूर नव्हता. प्लग काढले, कोरडे होते. घरी फरशीवर थेंब पडतात का, असं विचारलं, तर प्राध्यापक म्हणाले, "एकही नाही." म्हणजे तेल चालत्या गाडीतूनच जात असणार, गरम होऊन पातळ झाल्यावर. गाडी हायवेवर चांगली पळवून आणली आणि लगेच गॅरेजच्या खड्ड्यावर घेतली. तेल साठतं त्या खालच्या चेंबरला तडा होता. त्यावर कुणीतरी पुट्टी थापली होती. कडेनं तेल पाझरून मागच्या भागापर्यंत ओघळलं होतं. तड्याशेजारी पांढऱ्या रंगाचा ओरखडाही होता.

"हे आमचं काम न्हाय साहेब," गॅरेजवाला म्हणाला. "आम्ही चेंबरच बदललं असतं."

मी प्राध्यापकांना विचारलं, "गाडी कुठं दगडावर गेली होती?"

"छे. मीच चालवतो. मागच्या महिन्यात मुलगा तेवढा मित्राला सोडायला सांबऱ्याला विमानतळावर घेऊन गेला होता."

हवालदारानं माझ्याकडे पाहिलं. गेल्या महिन्यात त्याच रस्त्यावर वडगावचा एक विणकर सायकलवरून घरी येताना मेला होता. ठोकणारी गाडी पळून गेली. नंबर कुणी पाहिला नव्हता. रस्त्याकडेचा पांढरा रंगवलेला दगड उखडला होता आणि त्यावर तेल सांडलं होतं. पंचनाम्यात दोन्हींचे नमुने घेतले होते. तपास तिथंच अडला होता.

गॅरेजवाल्याला घरी पाठवलं, गाडी जप्त केली आणि मुलाला बोलावलं. तिशीतला, नोकरदार, नीटनेटका. बोलताना अडखळत नव्हता.

"जुनं इंजिन तेल खातंच, साहेब."

"खालून पुट्टी कुणी लावली?"

"गॅरेजवाल्यानं असेल."

मी आवाज चढवला नाही. माझा अनुभव असा, की खोटं बोलणारा मोठ्या प्रश्नांची तयारी करून येतो आणि बारीकसारीक गोष्टीत सापडतो. मी पुढचा प्रश्न विचारणार, एवढ्यात दाराशी बसलेले प्राध्यापक बोलले.

"घरातली पुट्टी संपली कशी, म्हणून मी विचारलं होतं. मोरीच्या नळाला लावली म्हणालास. नळ अजून गळतोय रं."

मुलानं मान खाली घातली.

"आप्पा, मी थांबणार होतो. लोक मारतील म्हणून भ्यालो."

मी प्राध्यापकांना म्हटलं, "तुम्ही आता घरी जा. तुमचा जबाब उद्या घेऊ."

"आत्ताच लिहा," ते म्हणाले.

जबाब कन्नडमध्ये लिहिला आणि मराठीत वाचून दाखवला. एका ठिकाणी त्यांनी थांबवलं. "मुलानं ही गोष्ट 'सांगितली नाही' असं लिहिलंय. 'लपवली' असं लिहा." मग सही केली आणि विचारलं, "तो माणूस जागच्या जागी गेला का?"

अशा वेळी दिलासा देण्याचा मोह होतो. पण नुकतंच त्यांनी माझ्यासमोर एक शब्द दुरुस्त करून घेतला होता. मी म्हणालो, "नाही. काही वेळ जिवंत होता. वेळेवर दवाखान्यात नेलं असतं, तर कदाचित वाचला असता."

ते उठून मुलाजवळ गेले. खांद्यावर हात ठेवला. "ऐकलंस? वकील मी देईन. पण खोटं बोलायचं नाही."

रंगाचा आणि तेलाचा अहवाल जुळला. खटल्यात प्राध्यापकांनी साक्ष फिरवली नाही. मुलाला शिक्षा झाली. निकालाच्या दिवशी कोर्टाच्या आवारात विणकराची बायको भावाबरोबर उभी होती. प्राध्यापक तिच्यासमोर जाऊन थांबले.

"माझ्या मुलानं थांबायला पाहिजे होतं," ते म्हणाले.

"व्हय," ती म्हणाली. "थांबाय पायजे होतं." आणि पहिल्यांदाच रडली. सबंध तपासात मी तिला रडताना पाहिलं नव्हतं.

किरकोळ तक्रारही शेवटपर्यंत ऐकून घ्यावी, हे मी पुढं नव्या अधिकाऱ्यांना सांगत आलो. पण त्या प्रकरणानं मला शिकवलं ते निराळंच. आम्ही गुन्हेगार शोधतो, कोर्ट शिक्षा देतं, आणि तरीही ज्याचं माणूस गेलं त्याला कुणीतरी समोर येऊन, चुकलं कुणाचं, ते सरळ सांगावं लागतं. ते काम ना पोलिसांच्या हातात असतं, ना न्यायाधीशांच्या.