नऊ नंबरच्या बसला ड्रायव्हर पाहिजे

शाळेच्या ग्रुपवर येणारा प्रत्येक निरोप एकाच वाक्याने सुरू होतो. ‘आदरणीय पालक, विद्यार्थ्यांची सुरक्षितता हे आमचे सर्वोच्च प्राधान्य आहे.’ हे वाक्य दिसलं की पालक ओळखतात, खाली काहीतरी वाईट बातमी आहे. दिवाळीच्या सुट्टीनंतरच्या पहिल्याच सोमवारी ती आली. नऊ नंबरच्या बसचे चालक नोकरी सोडून गेल्यामुळे बस पुढील सूचनेपर्यंत बंद राहील, मुलांना पालकांनी स्वतः सोडावे आणि न्यावे.

नऊ नंबर आमची. नवीन पनवेलमधल्या आमच्या सेक्टरमधून निघायची आणि महामार्गाला लागून शिरढोणच्या अलीकडे असलेल्या शाळेत जायची. ड्रायव्हर द्रोणागिरीला गोदामांकडे कंटेनर चालवायला गेला, असं कळलं. त्याच्या आधीचाही तिकडेच गेला होता. कंटेनर ओरडत नाहीत, उलट्या करत नाहीत आणि कंटेनरची आई फोन करून ‘आज दोन मिनिटं थांबा हं’ असं सांगत नाही. मी त्याला दोष देणार नाही.

ग्रुपवर एकच गहजब झाला. मीही लिहिलं, ‘अत्यंत गैरसोयीचे! शाळेने त्वरित दखल घ्यावी.’ शेजारी लाल तोंडाचं चिन्ह टाकलं. मग फोन ठेवला, खाली गेलो आणि शीळ वाजवत स्कूटर पुसली.

याचं कारण सांगायला हवं. मी घरी बसून पुस्तकांची मुद्रितं तपासतो, म्हणजे दुसऱ्यांच्या चुका शोधून त्यावर पोट भरतो. बायको बँकेत आहे. तिची बदली नाशिकला झाली, त्यामुळे ती एक शनिवार सोडून एका शनिवारी येते. मुलगी चौथीत. आम्हाला ती उशिरा झाली. इतक्या उशिरा, की शाळेच्या फाटकावरचा वॉचमन मला पहिल्या दिवशी म्हणाला, “आजोबा, इकडून या.” मुलगी बसने यायची ती डुलक्या काढत. जेवायची, मग क्लास, मग खेळ, मग गृहपाठ. माझ्याशी बोलणं व्हायचं ते ‘बाबा, चार्जर कुठाय?’ एवढंच.

आणि मी तर आमच्या घराण्यातला गोष्टी सांगणारा. लग्नाकार्यात पंगत उठली की मुलं माझ्याभोवती कोंडाळं करायची. ती मुलं आता मोठी झाली आहेत. कुटुंबाच्या ग्रुपवर मी अधूनमधून गोष्ट बोलून पाठवतो, त्यावर लगेच एक अंगठा येतो. ऐकलेली नसते, हे मला कळतं. सहा मिनिटांच्या गोष्टीला चाळीस सेकंदांत अंगठा कसा येईल?

स्कूटरवर मात्र श्रोत्याला पळून जायला जागा नसते. पहिल्याच दिवशी मी सुरुवात केली. आम्ही पेणकडच्या गावातून बांधावरून चालत शाळेत जायचो, आणि वाटेत एक रेडा आडवा यायचा. हेल्मेटमधून मागे नीट ऐकू जाईना, म्हणून मी ओरडून सांगत होतो. पुलावर शेजारच्या रिक्षातली बाई माझ्याकडे बघायला लागली. मी थांबलो, तर पाठीत बोट टोचलं. “मग?”

ते ‘मग?’ ऐकून मला किती वर्षं झाली होती कोण जाणे.

तिथून रोज गोष्ट. बारा मिनिटं जाताना, पंधरा येताना. महामार्गावर ट्रेलर अंगावर यायचे तेवढं सोडून. रेडा वाढत गेला, शाळाही लांब लांब जात राहिली.

“काल तीन किलोमीटर म्हणाला होतास.”

“परतीचे धरून सहा.”

“आत्ता सात म्हणालास, बाबा.”

“रेडा आला की वळसा पडायचा ना!”

ती खो खो हसली. मी आरशात बघितलं, आरशात फक्त हेल्मेट दिसलं.

डिसेंबरात शाळेचा पुन्हा निरोप आला. सुरक्षितता, प्राधान्य वगैरे झाल्यावर खाली लिहिलं होतं, ‘जड वाहनाचा परवाना व बॅज असलेले अनुभवी चालक आपल्या परिचयात असल्यास कृपया कळवावे.’

माझ्या परिचयात होते. आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर, बरोब्बर माझ्या खिडकीखाली. एसटीत सगळी नोकरी घाटात काढलेले, उरणकडच्या गावचे, निवृत्त झालेले. मी त्यांना दादा म्हणतो, माझी मुलगी एसटीकाका. बायको गेलेली, मुलगा-सून सकाळी आठला बाहेर पडतात. दादा दिवसभर गॅलरीत प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून रस्त्यावरच्या गाड्यांचे आवाज ऐकतात आणि त्यांचे आजार सांगतात.

“काय सायेब, चाललाव पोरीला आनाया?” मी रोज दुपारी निघालो की ते विचारायचे. “मागचं ब्रेक लायनर गेलंय तुमचं. मना हितं बसून ऐकू येतंय.”

“करतो दादा, उद्या करतो.”

“उद्या नाय, आज. मागं पोर बसते.”

माझ्याशी दिवसभरात बोलणारं हे एवढंच एक माणूस, हेही सांगून टाकतो. निरोप वाचला त्या दिवशी मी त्यांच्यासमोरून तीनदा गेलो. एकदा दूध, एकदा शाळा, एकदा उगीच. तीनही वेळा काही बोललो नाही. मनाशी म्हटलं, या वयात कशाला त्यांना तो त्रास. जिथे स्वतःची सोय असते तिथे मी लोकांच्या तब्येतीची फार काळजी करतो.

मग शाळेने फाटकाबाहेर फलकच लावला. ‘बस क्र. ९ करिता ड्रायव्हर पाहिजे.’ फलकाच्या मागे, आवारात, नऊ नंबर धूळ खात उभी. फलकालगत, फाटकाच्या आतल्या पायरीवर शिशुवर्गातली एक मुलगी बसायची. तीही नऊ नंबरची. तिची आई तळोज्याला कारखान्यात, तिची पाळी सुटून ती येईपर्यंत तीन वाजायचे. मी दीड वाजता माझ्या मुलीला घेऊन निघायचो, तेव्हा ही रिकाम्या डब्याचं झाकण उघडत-लावत बसलेली असायची. आम्ही दोघांनी तिला टाटा करायचं, तिने आम्हाला करायचं. मग मी रेड्याकडे वळायचो.

जानेवारीत सुरक्षिततेचा आणखी एक निरोप आला. आता ओळखपत्रावरचा फोटो जुळल्याशिवाय मूल ताब्यात मिळणार नव्हतं. हे ओळखपत्र शाळा वर्षाच्या सुरुवातीला मुलाला नेणाऱ्या प्रत्येकाला देते. अर्जात ‘पाल्यास नेण्यास अधिकृत व्यक्ती’ म्हणून तीन जागा होत्या. पहिल्या जागेवर मी माझं नाव घातलं. बायको नाशिकला. उरलेल्या दोन जागा भरायला मी पेन घेऊन बराच वेळ बसलो होतो. पनवेलमध्ये येऊन वीस वर्षं झाली, आणि लिहायला माणूस सुचेना. शेवटी खाली जाऊन दादांना विचारलं. त्यांनी आधार कार्ड काढून दिलं. तिसरी जागा कोरीच राहिली.

फोटोबाबत मी एक गाढवपणा केला होता. माझा लग्नाच्या वेळचा एक चांगला फोटो आहे, भरपूर केसांचा. तो चिकटवला. कोण बघतंय, असं वाटलं.

नव्या वॉचमनने बघितलं. कार्ड बघितलं, मला बघितलं, पुन्हा कार्ड.

“हे कोण? तुमचे चिरंजीव का?”

“मीच आहे.”

“कधी होता?”

मागे रांगेतल्या आया हसल्या. मुलगी आत, फाटकाच्या गजांपलीकडे. ती म्हणाली, “काका, ते खरंच माझे बाबा आहेत.” वॉचमन म्हणाला, “बाळा, सगळेच तसं म्हणतात. दुसरं कोणी अधिकृत असेल तर बोलवा.” त्याचं काही चुकत नव्हतं. मी बाजूला झालो आणि दादांना फोन लावला.

वीस मिनिटांत ते रिक्षाने आले, इस्त्रीचा शर्ट घालून. खिशातून प्लास्टिकचं पाकीट काढलं. त्यात लायसन्स, बॅज आणि शाळेचं कार्ड एकावर एक ठेवलेलं. वॉचमनने कार्ड बघितलं आणि लगेच कडी काढली. आधारवरच्या फोटोसारखा हुबेहूब दिसणारा माणूस मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला. माझी मुलगी त्यांच्या ताब्यात दिली गेली, रजिस्टरवर त्यांची सही झाली, आणि मग दोन पावलं बाहेर येऊन त्यांनी ती माझ्या हातात दिली. “घ्या सायेब तुमचं पार्सल.”

मी निघायची घाई केली. पण त्यांची नजर आत गेली होती. वॉचमनला काहीतरी विचारून ते आत शिरले, नऊ नंबरला एक फेरी घातली, खाली वाकून बघितलं, प्रत्येक टायरवर तळहाताने थाप मारली. म्हशीच्या पाठीवर मारतात तशी. परत आले तेव्हा हात काळे झाले होते आणि ते पुसायला ते विसरले होते.

“उबी का ठेवलीय? टायर बसाया लागलेत तिचे.”

मी म्हणालो, “काय माहीत.”

“आनि ह्या बोर्डावं काय लिवलंय? चष्मा घरी रायला. लांबचं झकास दिसतं मना, जवळचंच दिसत नाय.”

पायरीवरची मुलगी डब्याचं झाकण लावून आमच्याकडे बघत होती. माझी मुलगीही. ती चौथीत आहे, तिला फलक वाचता येतो. पण ती वाचेना. मीच वाचीन, असं तिला वाटत असावं. पार्किंगचं काहीतरी आहे, असं माझ्या अगदी तोंडावर आलं होतं. मनात उद्याची बारा मिनिटं आली, रेडा आला, पाठीतलं बोट आलं.

“बस नऊ नंबरला ड्रायव्हर पाहिजे, असं लिहिलंय,” मी म्हणालो. “जड वाहनाचं लायसन्स आणि बॅज. ऑफिस आत, डावीकडे.”

ते फलकाकडे बघत राहिले. मग शर्टाच्या खिशावर हात ठेवला, पाकीट आहे का ते बघितलं आणि आत, डावीकडे गेले.

डोळ्यांची तपासणी, रक्तदाब, पोलिसांचा दाखला, सगळं पार पडायला दोन आठवडे लागले. ते दोन आठवडे मी गोष्टी दामटल्या. रेडा एका दिवसात तीनदा आला. मुलगी म्हणाली, “बाबा, हळू सांग ना.”

शाळेचा निरोप आला. प्राधान्य वगैरे झाल्यावर खाली चक्क चांगली बातमी होती. ग्रुपवर फुलं, जोडलेले हात. मीही एक फूल टाकलं.

आदल्या संध्याकाळी दादा गॅलरीत खाकी शर्टाचं बटण लावत बसले होते. मी थांबलो.

“सायेब, एक सांगू? बोर्ड जुना दिसत व्हता. उनानं पिवला पडलेला.”

मी दोऱ्याचं रीळ त्यांच्याकडे सरकवलं.

“ब्रेक लायनर बदलून घ्या,” ते म्हणाले आणि दोरा दाताने तोडला.

आता सकाळी पावणेसातला नऊ नंबर आमच्या इमारतीच्या फाटकाशी येते. शिशुवर्गातली ती मुलगी पुढच्या बाकावर असते. दुपारी बस तिला आजीच्या दारात सोडते, असं कळलं. माझी मुलगी ड्रायव्हरच्या मागे बसते. घरी येताना आता तिला झोप लागत नाही, कारण एसटीकाका घाटातल्या गोष्टी सांगतात. त्यातली अर्धी ती जेवताना मला सांगते. गाडी धुक्यात, पुढचं काही दिसत नाही, कंडक्टर उतरून टॉर्च घेऊन पुढे चालतोय…

“मग?” मी विचारतो.

“मग आपला स्टॉप आला. पुढचं उद्या.” आणि ती क्लासला जाते.

चांगली गोष्ट आहे. वाढवलेली असणार, घाटात इतकं धुकं नसतं.

मधल्या वेळात इमारतीत आवाज असतो तो पाण्याच्या पंपाचा. मला आता कोणी आजार सांगत नाही. लायनर मी बदलून घेतले, स्कूटर फार कुठे जात नाही ती गोष्ट वेगळी. दुपारी एकनंतर मुद्रितांत लक्ष लागत नाही. मग मी खाली येतो आणि दादांच्या प्लास्टिकच्या खुर्चीवर बसतो. बस कोपऱ्यावर असतानाच आवाजावरून ओळखायची, असं ठरवलंय. जड इंजिन, गिअर खाली टाकल्याचा खडखडाट. काल अगदी तसाच आवाज आला. मी उठलो, शर्ट नीट केला, फाटकापर्यंत गेलो.

पाण्याचा टँकर होता. परत येऊन बसलो.