भरल्या टाकीची तक्रार

कुणाचं भांडं रिकामं परत करायचं नाही, असा आमच्या घरात दंडक आहे. शेजारून भाजीची वाटी आली तर परत जाताना तिच्यात चिमूटभर साखर तरी जाते. हा दंडक आई गाडीलाही लावेल असं मला कधी वाटलं नव्हतं. तिने तो लावला नसता तर मी आजही स्वतःला शहाणा समजत बसलो असतो.

गाडी माझ्या वडिलांची. जुनी, कार्बोरेटरवाली, तिच्या बरोबरीच्या बहुतेक गाड्या कधीच भंगारात गेल्या. वडील गेल्यावर आई छप्पन्नाव्या वर्षी ती चालवायला शिकली. आता सत्तरीला टेकली तरी दर गुरुवारी सकाळी कर्जतहून निघून ती खोपोलीला, शिळफाट्याच्या थोरल्या बहिणीकडे जाते. मावशीला अर्धांगवायूचा झटका आला आणि एक बाजू गेली, वाचाही गेली. सून तिचं सगळं मायेने करते, पण वेणीफणी मात्र मावशी आईशिवाय कुणाकडून करून घेत नाही. सुनेने फणी हातात घेतली की मान फिरवते. त्यामुळे गुरुवार हा दोघी बहिणींचा.

दसऱ्यानंतर गाडीने त्रास द्यायला सुरुवात केली. पळसदरी मागे पडली की इंजिन मिसिंग करायचं, पिकअप जायचा, ॲक्सिलरेटर दाबावा तर आणखीच आचके. आई गाडी कडेला घ्यायची, दहा मिनिटं थांबायची, आणि मग काही झालंच नाही अशी ती चालू व्हायची. पुढे आणखी एकदा थांबावं लागायचं.

मी कारखान्यात नापास झालेला माल तपासतो. दोष कुठे आहे हे शोधण्याचाच मला पगार मिळतो, तेव्हा हे काम मी माझ्याकडे घेतलं. प्लग बदलले. मग पॉइंट, कॉइल, पेट्रोलचा फिल्टर, शेवटी पंपसुद्धा. दोन गॅरेजवाल्यांनी कार्बोरेटर खोलून धुतला. दर वेळी गाडी गॅरेजमधून आणली की मी ती चालवून पाहायचो, आणि दर वेळी ती थेट खोपोलीपर्यंत सुतासारखी सरळ जायची. गुरुवारी आई घेऊन निघाली की पुन्हा आचके.

"टाकी भरली ना, की ही कुरकुर करते बघ," आई एकदा म्हणाली.

"पोट भरलं की झोप येत असेल तिला," मी म्हणालो. बायको हसली, मीही हसलो. आई ताट उचलून आत गेली.

मग एका गुरुवारी चढावर गाडीचा दम गेला आणि मागून येणारा डंपर हातभर अंतरावरून निघून गेला. हे आईनेच घरी येऊन सांगितलं, लपवलं नाही. मी घाबरलो, आणि घाबरलो की मी ओरडतो. "गाडीत काही दोष नाही. तुझा पाय डळमळतो आता. विकून टाकू ही गाडी," असं म्हणून मी किल्ली माझ्या जुडग्यात अडकवली. आई फक्त "बरं" म्हणाली.

गुडघ्यांमुळे तिला सहा सीटर रिक्षात चढता येत नाही. मी नेईन, असं मी मोठ्या तोंडाने सांगितलं, आणि पुढच्या तिन्ही गुरुवारी मला कामं निघाली. त्या सकाळी आई सवयीने साडी बदलायची आणि मग भाजी निवडत बसायची. मला ते दिसत होतं. मी डबा घेऊन बाहेर पडायचो.

चौथ्या आठवड्यात गिऱ्हाईक मिळालं, तेही शिळफाट्याचंच. गुरुवारी सकाळी गाडी पोचवायची ठरली. "आजची मी चालवते," आई म्हणाली. नाही म्हणायला मला तोंड नव्हतं. तिने गाडी आधी पंपावर घातली आणि म्हणाली, "फुल्ल करा."

"अगं, विकायला चाललोय आपण."

"मग रिकामी द्यायची का कुणाला?"

पळसदरी मागे पडली आणि गाडीने आचका दिला. मग दुसरा. मी आईच्या पायाकडे पाहिलं. पाय पाटावर ठेवावा तसा स्थिर होता. मी तिला उठवून स्वतः बसलो, तर गाडी माझ्या पायाखालीही तशीच खोकत शंभर पावलं गेली आणि बंद पडली. म्हणजे माझाही पाय डळमळत असावा.

समोर पत्र्याची शेड होती. शेतातले पाण्याचे पंप दुरुस्त करणारा एक म्हातारा मेस्त्री फडक्याला हात पुसत बाहेर आला. मी त्याला प्लगपासून कॉइलपर्यंत सगळी कथा ऐकवली. त्याने ती शेजारच्या रेडिओसारखी ऐकली आणि आईकडे वळला.

"गाडी रोज कोन चालवतं? तुमी ना, बाई? मंग तुमी सांगा."

आणि आई सांगायला लागली. दसऱ्यानंतरच सुरू झालं. जाताना होतं, येताना एकदाही नाही. आठवड्याच्या बाजारहाटाने उतरलेली टाकी गुरुवारी सकाळी भरते, आणि पंपावरून निघाल्यावर पहिल्यांदा थांबते ती पळसदरीच्या पुढे. दुसऱ्यांदा थांबते ती त्याहून जास्त अंतर तोडून. तिसऱ्यांदा कधी थांबली नाही. एकदा पंप बंद होता, टाकी न भरता गेले, तेव्हा त्रास झाला नाही.

मी तोंड उघडं टाकून ऐकत होतो. कारखान्यात माझ्या हाताखाली चार माणसं आहेत, अशी टिपणं त्यांच्यापैकी एकानेही मला कधी आणून दिलेली नाहीत. आणि हे सगळं माझ्याच स्वयंपाकघरात महिनोन्‌महिने होतं, फक्त मी विचारलं नव्हतं.

"दादा," मेस्त्री मला म्हणाला, "तुमी गाडी दाखवाया नेता तवा टाकीत किती आसतं?"

मी ओशाळलो. गॅरेजला गाडी द्यायची तर टाकीचा काटा तळाला टेकल्यावरच द्यायची, ही माझी हुशारी. न जाणो, कुणी नळी घालून पेट्रोल काढलं तर. परत आणून चालवतानाही टाकीत जेमतेमच असायचं.

"मंग दुखनं घरी ठेवून पेशंट डाक्टरकडं नेलात तुमी," तो म्हणाला. त्याने माझ्याकडून किल्ली घेतली आणि टाकीचं झाकण फिरवलं. सूंऽऽ असा आवाज आला. टाकीने लांबलचक श्वास आत ओढून घेतला. दर गुरुवारी कोंडणारा तो श्वास ऐकून माझ्या अंगावर खरोखर काटा आला.

"पेट्रोल भायेर गेलं की त्याच्या जागी हवा याला पायजे. तिची वाट बंद हाय. टाकी भरल्याली आसली की आत हवा थोडी, मंग लगेच ताण बसतो नि पंपाला पेट्रोल वढत नाय. अर्ध्या टाकीला आतली हवाच पुरते."

तो पाठीवर गाडीखाली सरकला, टाकीवरून येणारी एक बारीक नळी त्याने चाचपून शोधली आणि तिच्यात तार घातली. तळहातावर घेऊन आला तो मातीचा एक सुका खडा, तांदळाच्या दाण्याहून थोडा मोठा. त्यात कोळ्याचे वाळलेले पाय होते.

"कुंभारीण माशी. भोक दिसलं, घर बांधलं, पिलांच्या खान्याला कोळी भरला. तिची काय चूक?"

मी तो खडा हातात घेतला. एका माशीने तोंडात चिखल आणून आणून एवढं लोखंड थांबवलं होतं. एका म्हाताऱ्याने कशालाही हात न लावता, नुसतं ऐकून ते शोधलं होतं. आणि त्याच्याही आधी ते माझ्या आईने शोधलं होतं, तर मी तिला हसलो होतो. मला एकाच वेळी इतका अचंबा आणि इतकी लाज कधी वाटली नव्हती.

मेस्त्रीने झाकण लावलं. मी सवयीने किल्लीसाठी हात पुढे केला. त्याने ती आईला दिली.

गाडी विकत नाही, असं मी गिऱ्हाइकाला फोन करून कळवलं. आईने गाडी चढावर घातली आणि ती एकदाही न अडखळता शिळफाट्याला पोचली.

मावशीच्या केसांच्या पार जटा झाल्या होत्या. तीन गुरुवार तिने कुणाला हात लावू दिला नव्हता. आईला दारात पाहिल्यावर तिने चांगल्या हाताने उशीखालून फणी काढली आणि स्वतःच डोकं पुढे केलं. आई मागे बसली, तेल लावून एकेक गाठ सोडवत गेली. दोन तास लागले. दुखलं असणार, पण मावशीचे डोळे मिटलेले होते.

शेवटी आईने फणीत अडकलेली गुंतवळ काढली, बोटाभोवती गुंडाळली आणि माझ्या हातात दिली. "टाकून ये," म्हणाली. मी अंगणात गेलो. पांढऱ्या केसांची मूठभर गुंडाळी होती, तीन गुरुवारांची. ती मला बराच वेळ टाकता आली नाही.