बेल्याच्या राखणदारांकडे वेफर्सचं पाकीट

मी बेल्याला गेले ती निसर्गासाठी नव्हे. यवतमाळात शेजारी राहणाऱ्या माझ्या बहिणीने मला हेर म्हणून पाठवलं. तिची मुलगी रूथ आदिलाबादला कॉलेजात शिकते आणि बेल्याजवळच्या एका शेतघरात बारा ख्रिस्ती पोरापोरींसोबत राहते. पृथ्वी देवाची, आपण नुसते राखणदार, असं त्यांचं म्हणणं. नव्या माणसाला ते वर्षभर पारखतात, मग सगळे मिळून, हात वर करून, ठेवायचं की नाही ते ठरवतात. रूथचा निकाल या रविवारी होता. "नाई म्हनले तर घेऊनच ये," बहीण म्हणाली. तिचा आवाज मला जरा आशेचाच वाटला. वर माझ्या पर्समध्ये तिने वेफर्सची दोन पाकिटं कोंबली. "पोरीले तिथं काई चटपटीत भेटत नसन."

रस्ता सोपा आहे. पांढरकवडा, पाटणबोरी, मग पैनगंगा ओलांडायची, की राज्य बदललं. भोरजच्या फाट्यावर उतरलं की बेल्याकडे शेअर ऑटो मिळतात. बायांनो, एक गंमत ऐका: आपल्या एसटीत आपल्याला अर्धं तिकीट, तिकडच्या बसमध्ये तिकडच्या बायांना फुकट. मी पाटणबोरीला बस बदलली आणि पूर्ण तिकीट काढणारी एकटी बाई ठरले. कंडक्टरने माझं आधारकार्ड बघून "ये नहीं चलेगा अम्मा" म्हणत ते अगदी प्रेमाने परत केलं.

फाटकातच रूथने नियम सांगितला. "मावशी, न कुजणारं जे आणशील ते तुझ्यासोबत परत जाणार. काही आहे?"

"छे," मी म्हणाले. निकालाच्या आदल्या दिवशी पोरीची पंचाईत कशाला?

जेवण झकास होतं. ज्वारीची भाकर, अंबाडीची भाजी, तुरीचं वरण. पैसे घेत नाहीत, तासभर काम घेतात. मी लसूण सोलला. पण ईस्टरआधीचे उपवासाचे दिवस चालू होते आणि यंदा सगळ्या घराने चहा सोडला होता. हे मला कोणी आधी सांगितलं नव्हतं. चार वाजता मंडळी वांग्यांना पाणी द्यायला गेली आणि मी खताच्या खड्ड्यामागे उभी राहून अख्खं पाकीट संपवलं. तेवढ्यात सुलोचनाबाई येताना दिसली. ही गावातली बाई इथे स्वयंपाक आणि बाग सांभाळते. ती ख्रिस्ती नाही, पण या घरची खरी बिशप तीच. मी घाबरून पाकीट खतात खोल खुपसलं.

रविवारी सकाळी कडुनिंबाखाली प्रार्थनेला जमलो. आधी सुलोचनाबाई खत पालटते आणि त्यात जे न कुजणारं सापडेल ते टेबलावर ठेवते. कोणाचं म्हणून कोणी विचारत नाही. ज्याचं असेल त्याने उठून उचलायचं. तोवर प्रार्थना सुरू होत नाही.

त्या दिवशी टेबलावर लिंबू-मिरची चवीचं पाकीट होतं.

मी चपलेकडे बघत बसले. अशी लाज मला शाळेतही वाटली नव्हती. मान वर केली तर रूथ उभी. आईची आवडती चव तिने ओळखली होती. ती शांतपणे गेली आणि पाकीट उचललं. तिची वर्षभराची मेहनत माझ्या चार वाजताच्या तलफेपायी वाया चालली होती.

"ते माझं आहे," मी उठून म्हणाले. "आणि हे दुसरंही." पर्समधलं पाकीट मी टेबलावर ठेवलं.

"मावशी, बस ना," रूथ पुटपुटली.

"आता दोघी म्हंतेत आमचं," सुलोचनाबाई वैतागली. "ठरवा लवकर, तिकडं चूल इझून राह्यली. अन् या पोरीचं काऊन इचारता? दुसऱ्याचा कचरा उचलते थे. राहू द्या तिले." तिचा हात सर्वांत आधी वर गेला, मग हसत हसत बाकीच्यांचे. रूथ रडली. मीही रडले, आणि मग शिक्षा म्हणून दुपारपर्यंत खत पालटलं. दुसरं पाकीट सगळ्यांनी मिळून फस्त केलं. दोन्ही रिकामी पाकिटं मात्र नियमाप्रमाणे माझ्या पर्समध्ये आली.

फोनवर बहिणीला सगळं आधीच सांगून झालं होतं. यवतमाळला पोचल्यावर तिच्याकडे गेले, दोन्ही पाकिटं तिच्या जेवणाच्या टेबलावर ठेवली आणि कोणाचं म्हणून न विचारता बसून राहिले. ती पाकिटांकडे बघत राहिली. आत कुकरच्या तीन शिट्ट्या झाल्या, तरी उठली नाही. मग तिने हात पुढे केला, पाकिटं घेतली आणि बारीक घड्या घालत बसली.

"माह्यीच आहेत," ती म्हणाली. "मले वाटलं, चवीच्या आठवणीनं तरी घरी येईन पोरगी."