मासळीतली कणी

मायनं खारवलेल्या मासळीचं अख्खं पोतं पूर्णेच्या डोहात ओतलं, तेव्हा घरात ओंजळभर ज्वारीही नव्हती. तान्हा भाऊ तिच्या काखेत होता. मी सात वर्षांची होते. पोत्याचं एक टोक मीच धरलं होतं.

आम्ही भोई. त्या उन्हाळ्यात नदी आटली होती, जाळ्यात काही येत नव्हतं. शेतकऱ्यांनी ज्वारी मोडून कापूस लावलेला, म्हणून बाजारातही धान्य मिळेना. बाप अकोल्याच्या स्टेशनावर कापसाच्या गठाणी उचलायला गेला होता. रेल्वेनं मुंबईहून आलेलं ते पोतं त्यानं गाडीवानाबरोबर धाडलं. समुद्राचा मासा आम्ही कोणी पाहिलेला नव्हता.

मायनं एक मासा चिरला. मांसात तांदळासारख्या पांढऱ्या कण्या होत्या. मासळीतल्या किड्यांची आमच्याकडे वर्गवारी ठरलेली. पोटात लांब चपटी असते ती नाडी. आतडं फेका, मासा खा. कल्ल्याला चिकटतो तो चिकट्या. कल्ला कापा, मासा खा. मांसात असते ती कणी, मासाच फेका.

"आत्याबाई, कणी हाय," माय आजीला म्हणाली.

"दिसते मले. फुटले नाहीत डोये अजून."

"मंग फेकू?"

"अन् खाशीन काय, चुलीतली राख? मी खातो आधी. मेलो तर तुह्या मांगची कटकट गेली. जगलो तर तुमी खा."

आजी दोन दिवसांची उपाशी होती. तिनं मोठा तुकडा चुलीवर भाजून खाल्ला आणि घटकाभरात भडाभडा ओकली. डोळे पांढरे केले. मायनं पोतं उचललं.

खूप वर्षांनी अमरावतीच्या बाजारात सुकी मासळी विकणारी एक कोकणी बाई भेटली. तिला मी कणीचं विचारलं. ती हसली. "मोठ्या माशात असतेच ती. सुरीनं काढायची, उरली तर शिजून मरते. तुम्ही मासा भिजवला होता ना?"

नव्हता भिजवला. आम्हाला ताजी मासळी ठाऊक. मीठ उतरवायला ती रात्रभर पाण्यात ठेवतात, हे कोणी सांगितलं नव्हतं. आजी ओकली ती मिठानं.

मी त्यावर पुष्कळ विचार केला. किडा कुठं बसतो त्यावरून आम्ही त्याची जात ठरवली होती. तो कोण, माणसाचं काय करतो, हे कोणी पाहिलंच नव्हतं. आमच्या डबक्यातला कणीचा मासा खाऊन कधीतरी कोणी मेलं असेल, नसेलही. नियम तेवढा राहिला. मायला मी दोष देत नाही. तिच्या जागी मीही पोतं ओतलं असतं.

पोतं ओतल्यावर बाराव्या दिवशी बाप ज्वारी घेऊन आला. त्याआधीच मायचं दूध आटलं आणि तान्हा गेला. आजी, माय आणि मी जगलो.