तुटलेला ट्रे आणि आत्याची गाणी

वर्धेकरांनो, आज सकाळी धूळ पुसताना माझ्या हातून फोटो-गाणी साठवायच्या घरच्या स्टोरेज सर्व्हरमधला डिस्कचा ट्रे तुटला. त्याला आत अडकवून ठेवणारा खटकाच निघून आला. डिस्क नीट बसेना, कॉम्प्युटरवर दिसेना.

त्या डिस्कवर माझ्या आत्यानं गायलेली गोंडी गाणी आहेत. दुसरी कॉपी मी केलीच नव्हती.

मॉडेल जुनं, त्यामुळे नवा ट्रे कुठंच मिळेना. शेवटी तुटलेला ट्रे घेऊन सिंदी मेघेत आमच्या शेजारी चष्मे दुरुस्त करणाऱ्या काकांकडे गेले.

"हे कोन्या चष्म्याचं हाय?" त्यांनी विचारलं. मी सगळं सांगितलं. त्यांनी पितळेची छोटी पट्टी कापली, चष्म्याचा बारीक स्क्रू लावला आणि खटका जोडून दिला. "हळूच बसवजो," म्हणाले.

घरी ट्रे सरकवला आणि डिस्क दिसली. आधी कॉपी केली. मग एक गाणं मोबाइलवर घेऊन काकांना ऐकवायला गेले.

"आवाज गोड हाय. काय म्हणून राह्यल्या त्या?"

आमच्याच घरची भाषा, आणि मला चार शब्दही कळत नव्हते.

"मले नाई समजत, काका."

"मंग त्याइले विचार नं."

तिथूनच आंजी गावच्या आत्याला फोन लावून गाण्याचा अर्थ विचारला. ती म्हणाली, "रविवारी ये. वही घेऊन येजो."

तुम्ही जपून ठेवलंय, पण ज्याचा अर्थ कधी विचारलाच नाही, असं तुमच्या घरी काय आहे?