मार्जोरीवरची शेवंडं

थोरा लिंकलेटरने आयुष्यात डोळे मिटून विश्वास टाकला तो एकट्या नवऱ्यावर, आणि त्याला समुद्राने नेलं. डेव्ही दुसऱ्या कुणाच्या बोटीवरून बुडी मारायला गेला होता. पाणबुडे वर आले, कुणीतरी म्हणालं, "सगळे आले," आणि बोट वळली. सगळे आले नव्हते. तेव्हापासून थोराने कानाला खडा लावला. हवामानखात्याने 'वारा मंद' सांगितलं तरी ती आधी शेजारणीच्या दोरीवरचे कपडे कसे उडतायत ते बघून येई. बुडी मारायला आलेला एखादा पाहुणा छाती फुगवून म्हणाला, "मी जगभर बुड्या मारल्यात," की ती त्याला धक्क्याजवळच्या गुडघाभर पाण्यात उभं करून पट्टे बांधायला लावी. बेटावरच्या स्ट्रॉमनेस गावात लोक हसत. पण तिच्या 'सिग्रिड' बोटीवरून बुडी मारायला गेलेला प्रत्येक माणूस परत आलेला होता, त्यामुळे हसणारेसुद्धा आपले पाहुणे तिच्याकडेच धाडत.

तिचा कायदा साधा होता. वर आलेल्याने डोक्यावर हात ठेवायचा, म्हणजे 'मी ठीक आहे'. तो हात दिसल्याशिवाय ती बोट हलवत नसे. आणि पाण्याखाली कुणी भेटलं, तर आधी अंगठा-तर्जनी जुळवून विचारायचं, ठीक आहेस ना? बाकी सगळं मग. तिच्या बहिणीचा मुलगा एर्लंड तिच्याकडे हे शिकतच वाढला. बहीण लवकर गेली. थोराला मूल नव्हतं. आता तो बाप्या झाला होता, आणि या मोसमाच्या शेवटी बोट त्याच्या नावावर करायची असं तिने ठरवलं होतं. कुणाला बोलली मात्र नव्हती. बोललं की होत नाही, ही तिची आणखी एक खात्री.

जूनमध्ये एके दिवशी विल्फी फ्लेट धक्क्यावर तिच्या बोटीसमोर येऊन उभा राहिला. शेवंडांचे पिंजरे टाकण्यात त्याचा जन्म गेला होता.

"थोरा, तुझे पाणबुडे माझे पिंजरे रिकामे करतायत."

"कुठले पिंजरे?"

"मार्जोरीपाशी टाकलेले. आमिष खाल्लेलं असतं, दाराची गाठ भलत्याच हाताने मारलेली असते, आणि शेवंड गुल. आता सीलला गाठ मारता येते असं सांगू नकोस."

"सीलवर माझा विश्वास नाही. तुझ्यावरही नाही."

"नको ठेवूस. पण मी अजून चारचौघांत तोंड उघडलेलं नाही. उघडलं, तर या धक्क्यावर तुझा दोर धरायला कुणी येणार नाही."

हे खरं होतं. बेटावर माणसाला दारुडा म्हटलेलं चालतं, शेवंडचोर म्हटलेलं चालत नाही.

मार्जोरी ही पहिल्या महायुद्धात शत्रूच्या पाणबुड्या अडवायला खाडीच्या तोंडावर मुद्दाम बुडवलेली मालबोट. ती फार खोल नाही. पण तिथे पाण्याला अशी ओढ, की भरती-ओहोटी पालटताना पाणी घटकाभर थांबतं तेवढ्यातच उतरायचं. थोराने आधी पाहुण्यांवर डोळा ठेवला. हॉलंडहून आलेल्या टोळीच्या पिशव्या तिने 'गळतात का बघते' असं सांगून उलट्या केल्या. निघाले मोजे आणि चीज.

मग तिच्या मनात पाल चुकचुकली. पाहुण्यांच्या आधी, दोर बांधायला, एकटा खाली कोण जातो? एर्लंड. त्याच्या कमरेला जाळीची पिशवी कशाला?

"सुटे खिळेबिळे मिळाले तर ठेवायला असू दे म्हटलं," तो म्हणाला, आणि उगाचच हवेच्या टाकीची चावी तपासू लागला.

या पोराला खोटं बोलताना हातांचं काय करायचं ते लहानपणापासून कळत नसे. त्याने वसंतात मोटरसायकल घेतली होती. घेतली तेव्हा तिला कौतुक वाटलं होतं. आता ती रोज त्या गाडीकडे बघे आणि मनात म्हणे, हॉटेलवाल्यांना शेवंड विकून किती मिळत असेल? रात्रीच्या जेवणाला तो बोलायला लागला की ती शब्द चाळणीतून काढत बसे. स्वतःचीच तिला लाज वाटे, तरी चाळणी काही खाली ठेवत नसे.

शेवटी एका दुपारी एर्लंड उतरला तसं तिने बोटीवर सूप रांधणाऱ्या ऑलीच्या हाती सुकाणू दिलं आणि स्वतः पाणी आत न शिरू देणारा बुडीचा पोशाख चढवला.

"तू? आज?" ऑली म्हणाला.

"पाणी बघून येते."

पाणी ओठांना लागलं तशी सुई टोचल्यासारखी थंडी दातांपर्यंत गेली. मग ओठ बधिर झाले आणि बरं वाटलं. ओढ थांबली होती; लांबलचक शेवाळाचे पट्टे सरळ उभे होते. जहाजाच्या उघड्या फासळ्यांमधून हिरवा उजेड खाली येत होता. ती बॉयलरच्या आडोशाला थांबली आणि तिने पाहिलं: एर्लंडने विल्फीच्या पिंजऱ्याची गाठ सोडली, हात घालून शेवंड काढलं, उलटून बघितलं, पिशवीत टाकलं, आणि दार परत बांधलं.

थोरा सरळ त्याच्या अंगावर गेली. त्याने दचकून मागे पाहिलं, तिला ओळखलं, आणि अंगठा-तर्जनी जुळवून हात पुढे केला. तिने त्या हाताकडे पाहिलंसुद्धा नाही. तिने पिशवी धरली आणि कमरेवरून ओढून काढली.

वर आल्यावर एर्लंडने तोंडातली नळी काढली. मग म्हणाला, "शेपटी बघ, मावशी."

पोटाखाली काळ्या अंड्यांचा घोस होता, आणि शेपटीच्या पाकळीला कापलेली खाच. अशी मादी मिळाली की खाच पाडून समुद्रात सोडायची. खाच दिसली की पुढच्यानेही सोडायची. विकायला आणणं हा गुन्हा.

"विल्फीकाकांना आता नीट दिसत नाही," एर्लंड म्हणाला. "मागे त्यांच्या टोपलीत दोन होत्या, मीच हळूच सोडल्या. मासेमारी खात्याच्या अधिकाऱ्याने एकदा ताकीद दिलीय. पुन्हा सापडले तर परवाना जाईल. म्हणून अशा तेवढ्या काढतो आणि बॉयलरच्या पलीकडे नेऊन सोडतो. जवळ सोडल्या तर आमिषाला परत त्याच पिंजऱ्यात."

"मला का नाही सांगितलंस?"

"तू खरं-खोटं करायला त्यांच्याकडे गेली असतीस."

आणि ती गेलीच. पिशवी घेऊन सरळ धक्क्यावर, मागोमाग एर्लंड. विल्फी हातमोजे काढून विडी वळत होता. तिने शेवंड त्याच्या हातात दिलं.

"हे काय आहे, सांग."

"डोकं फिरलंय का तुझं? नर आहे. चांगला जाडजूड." बोलता बोलता त्याचा उघडा अंगठा शेपटीखाली गेला आणि थांबला. मग पाकळीवर आला, खाचेत अडकला, तिथेच राहिला. समुद्रावर तो जाड हातमोजे घालूनच काम करी.

"अशा किती?" त्याने एर्लंडला विचारलं.

"थोड्याच, काका."

विल्फी पायऱ्या उतरला आणि मादी स्वतःच्या हाताने पाण्यात सोडली. "उद्यापासून पिंजरे ओढताना माझ्या बोटीवर येत जा," तो म्हणाला. "हात माझे अजून बरे आहेत."

घरी जाताना थोरा एकदम बोलून गेली, "एर्लंड, या मोसमानंतर सिग्रिड तुझी."

"बरं," तो म्हणाला. दाराशी पोचल्यावर बूट काढता काढता म्हणाला, "मी खाली हात पुढे केला होता, मावशी." आवाज चढलेला नव्हता. चढला असता तर तिला सोसवलं असतं.

दुसऱ्या दिवशी पहाटे विल्फीचे पिंजरे ओढून झाल्यावर एर्लंड सिग्रिडवर आला. पाणी थांबताच पाहुणे उतरले, घटकाभराने एकेक करून वर आले, डोक्यांवर हात ठेवले. सगळ्यात शेवटी एर्लंडचं डोकं वर आलं. त्याने आधी कमरेची पिशवी सोडली, उलटी केली, झटकली आणि तिला नीट दिसेल अशी उंच धरली. रिकामी होती. मगच डोक्यावर हात ठेवला.

"सगळे आले ना?" ऑलीने विचारलं.

डोक्यांवरचे हात मोजून पुरे होते, तरी थोराला हो म्हणता येईना.